पपईचा डबा

इथे आखातात, सीफच्या मॉलमध्ये, पर्सच्या दुकानात, आम्ही दोघी एकाच शिफ्टला असायचो. ती चीनहून आलेली, बावीस वर्षांची, माझ्या मुलीपेक्षाही लहान. एकदा स्टोअररूममध्ये खोकी फोडता फोडता ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मी प्रेग्नंट आहे. असं काही मनात नव्हतं. लग्नही झालेलं नाही. काय करू?"

मी आपलं शहाण्यासारखं म्हटलं, "तुझं तू ठरव. मी मध्ये पडणार नाही." वर स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नेहमीसारखा फळांचा डबा उघडला. आम्ही रोज वाटून खायचो. त्यात पपई होती, सकाळी सवयीने चिरलेली. तिने काटा पुढे केला आणि मी झटकन झाकण लावलं. पोटुशीने पपई खायची नाही, पोट पडतं, हे आईने इतकं डोक्यात भरवलेलं की आधी हात हलला.

"का?" तिने विचारलं.

आता काय सांगू? कारण सांगावं तर तिला वाट दाखवल्यासारखं, आणि लपवावं तर ती वाट मीच अडवल्यासारखं. पिकलेल्या पपईने काही होत नाही, हेही मला माहीत होतं.

"खराब झालीये," मी उगाचच खेकसले.

प्लॅस्टिकच्या झाकणातून फोडी केशरी, रसरशीत दिसत होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझ्या आईनेसुद्धा आत्ता पपई दिली नसती," ती हळूच म्हणाली. "म्हणजे माझं तू ठरवलंस?"