चौकशीचा फोन

हैदराबादेतल्या कुठल्याही मराठी मुलाचं स्थळ कुणाला सांगून आलं, की चौकशीचा फोन फिरत फिरत माझ्याकडे येतो. नारायणगुड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. पुण्याहून आलेल्या आयटीतल्या पोरांपासून काचीगुड्यातल्या जुन्या वकिलांपर्यंत सगळे तिथे डबा घ्यायला येतात. जी बाई डबे देते तिला घराघरातलं माहीत असतं, असा लोकांचा समज आहे. दुर्दैवानं बरंचसं असतंही.

हा फोन नांदेडहून यायचा होता, आणि मुलगा माझ्या मैत्रिणीचा होता. केंद्र आम्ही दोघींनी मिळून काढलेलं. पोळ्या तिच्याकडे, भाज्या आणि गिऱ्हाइकांची कटकट माझ्याकडे. तिचा नवरा गेल्यावर त्या केंद्रानंच तिला उभं केलं. मुलगा मला मावशी म्हणतो. नोकरी उत्तम, दिसायला देखणा, चारचौघांत बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्यानं आपल्या पोरांकडे बघून उसासा टाकावा. याच मुलानं मागच्या खोलीत आईच्या थोबाडीत मारलेली मी पाहिली होती. का, तर तिनं त्याचा फोन उचलला नव्हता. तिचे हात कणकेत होते. तिनं तोंड धुतलं, पुन्हा पोळपाटापाशी बसली आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, दाढ सुजलीय. इतक्या सहज म्हणाली की हे पहिल्यांदा घडलेलं नाही हे मला कळलं.

स्थळ आल्यावर तिनंच मला बजावलं, "नांदेडवाल्यांचा फोन येईल. जरा अच्छेसे बोल हां. तुझं ऐकतात लोक." मी "हौ" म्हटलं आणि मग मला जेवण जाईना. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कायको उगाच? दुसऱ्याच्या लग्नात मोडता घालू नको. अगदीच अडचण झाली तर म्हण, मला फारसं माहीत नाही." मी त्याच्यावर उखडले. खरं तर तेच वाक्य मीही मनात घोळवत होते, म्हणूनच जास्त उखडले.

फोन मुलीच्या वडिलांनीच केला. शाळेतून निवृत्त झालेले होते, बोलणं अदबीचं. "ताई, दोन मुलींतली ही थोरली. लाडात वाढलीय. मुलगा कसा आहे, मोकळेपणानं सांगा." त्यांच्या मागे कुणी मुलगी कशाला तरी खळखळून हसत होती. ती हीच की धाकटी, कोण जाणे. ते हसणं ऐकू आलं नसतं तर मला फारसं माहीत नाही असं सांगून मी मोकळी झाले असते. मी सांगितलं. आईवर हात उचलतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मुलगी देऊ नका.

ते लगेच म्हणाले,

"म्हणजे तापट आहे म्हणा. दारूबिरू?"

"नाही."

"नोकरी पक्की आहे ना?"

"आहे."

"बघतो मग. उपकार झाले, ताई."

मैत्रीण हातची गेली, पण एक पोर वाचली, असं म्हणून मी माझं समाधान करून घेतलं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

पुढच्याच आठवड्यात मैत्रीण केंद्रात आली ती पर्स काखेत धरूनच उभी राहिली. "लग्न ठरलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, तुमच्याच माणसानं मुलाबद्दल असं असं सांगितलंय. तरी आम्ही मुलगी देतो, पण हॉल आणि जेवण तुमच्याकडे. आम्ही कबूल केलं." माझं खरं बोलणं त्या गृहस्थांनी घासाघिशीला वापरलं होतं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

"मला विचारायचं तरी होतंस," ती म्हणाली. "त्या घरात मी राहते, तू नाही." ती रागावली असेल असं मला वाटलं होतं, पण ती घाबरलेली होती. बोलताना तिनं डावा हात पदराखालून बाहेर काढला नाही. फोनवर कोण बोललं ते मुलाला कळलं होतं, आणि त्याची किंमत कुणी मोजली हे मला विचारावं लागलं नाही.

आमची भागीदारी तिथेच संपली. मुलीशी निदान एकदा बोलावं म्हणून मी नांदेडला फोन लावला. वडील म्हणाले, ती खरेदीत आहे. पुन्हा लावला तर उचललाच नाही. लग्नाचं मला बोलावणं नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी आबिड्सला पोस्टाच्या बाजूला मैत्रीण अचानक समोर आली. तोंड फिरवून जाईल असं वाटलं, पण तिनं येऊन माझा हात धरला. अंगानं भरली होती. चेहरा शांत होता.

"बरी आहे ग मी आता," ती हळू आवाजात म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्यानं माझ्या अंगाला बोट लावलं नाही."

हे ऐकायला मिळावं म्हणून मी किती वर्षं जीव टाकला होता. आता ऐकलं आणि मला फोनमागचं ते हसणं आठवलं.

"आणि सून?" मी विचारलं.

तिनं माझा हात सोडला. पर्सची चेन लावली, मग उघडली, मग पुन्हा लावली.

"नवी आहे ना अजून," ती म्हणाली. "होईल सवय."