साहेबरावांची सात मिनिटं

साहेबराव घाटविसावे यांच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काहीही घडलेलं नाही. तरी मी लिहायला बसले आहे, कारण त्या काहीही न घडण्यापायी गेल्या वर्षी आमच्या दौंडच्या ख्रिस्ती मंडळीत मोठा गोंधळ झाला, आणि त्यातला अर्धा वाटा माझा होता. उरलेला अर्धा साहेबरावांचा. काही भगिनी म्हणाल्या, सैतानाचा. सैतानाला दुसरी कामं असतात.

साहेबराव रेल्वेत पॉइंट्समन होते. मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडात आली की तिचं इंजिन एका टोकाला सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं, दोन डब्यांच्या सांदीत उभं राहून, ग्रीसनं माखलेल्या हातांनी, आणि गीत म्हणत. निवृत्त झाल्यावर तीच गीतं म्हणत देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, बाकं पुसायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, सकाळीच देवळाच्या फाटकाशी भेटायचे आणि म्हणायचे, "सलाम बाई! काय दिवस दिलाय बघा देवानं!" माझे गुडघे दुखत असायचे. खरं सांगते, मला त्या माणसाच्या आनंदाचा राग यायचा. त्याला कारण नव्हतं. कारणाशिवायची कुठलीही गोष्ट मला आवडत नाही. मी एकतीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला आहे. म्हणूनच सगळं गाव मला बाई म्हणतं.

दर वर्षी आमच्याकडे तीन दिवस विश्वास नव्यानं जागवायची उज्जीवन सभा असते. मंडप घालतात, बाहेरगावचा वक्ता येतो, आणि त्याच्या आधी मंडळीतलं कोणीतरी साक्ष देतं. साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून देवानं माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं. गोष्ट चांगली आहे. पण तिचा एक साचा पडून गेला आहे: आधी गटार, मग प्रभू, मग आनंद. केसांच्या तेलाच्या जाहिरातीत आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो असतो, तसं. गटार जितकं खोल, तितकं 'आमेन' मोठं.

कार्यक्रम माझ्याकडे होता. साक्षीला सात मिनिटं. शनिवारसाठी कोणी मिळेना म्हणून मी साहेबरावांना धरलं आणि हातात घड्याळ घेऊन तालीम घेतली.

"मी दौंडातच जल्मलो," साहेबराव म्हणाले. "आईनं प्रार्थना शिकवली. प्रभू लई चांगला हाय. मी आनंदात हाय. आमेन."

बावीस सेकंद.

"साहेबराव, सात मिनिटं भरायची आहेत."

"सात?" ते घाबरलेच. "बाई, आनंदाचं सात मिनिटं काय सांगायचं? तो हाय."

"आधीचं सांगा. काही तरी पाप केलंच असेल की!"

त्यांनी खरोखर डोक्याला ताण दिला. "गाडीत एकदा एक छत्री घावली व्हती. ती मी दोन दिस उशिरा जमा केली."

"छत्रीनं कोणाचं उज्जीवन व्हायचं नाही," मी म्हणाले. "तुमच्या साक्षीत काही घडतच नाही, साहेबराव. लोकांना देवाचं गौरव दिसायला नको का?"

हे वाक्य माझं आहे. नंतर मंडळीत ते बऱ्याच जणांच्या नावावर गेलं, म्हणून इथे लिहून ठेवते.

शनिवारी साहेबराव माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, मी बेवडा व्हतो."

मी घड्याळावरून मान वर केली. पुढे त्यांनी सांगितलं, की रोज हातभट्टीच्या तीन बाटल्या प्यायचो, रुळांवर पडायचो, आणि घरी जाऊन सखूला केसाला धरून मारायचो. त्यांची बायको सखूबाई माझ्या शेजारी बसली होती. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेनं ती वारा घेत होती. तो हात थांबला. मग एके दिवशी प्रभू भेटला, वगैरे. बरोबर सात मिनिटं. आमेननं मंडपाचे खांब हलले. बाहेरगावच्या वक्त्यांनी डोळे पुसले.

सभा संपल्यावर खंडू पुढे आला. खंडू खरा दारुडा होता. अकरा वर्षांपूर्वी सुटला, आणि त्याची साक्ष तो कधी देत नाही. साहेबरावांना बाजूला घेऊन तो म्हणाला, "मामा, झ्याक झालं. फकस्त हातभट्टी बाटलीत न्हाई भेटत. फुग्यात भेटती, प्लास्टिकच्या. पुढच्या टायमाला फुगा म्हणा, म्हंजी जाणकार हसायचं न्हाईत."

"खंडू, तुला कळलं तर बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"देवाच्या कामात आपुन कशाला खोडा घालायचा, बाई?"

पुढचा टाइम लगेच आला. यवतच्या मंडळीनं बोलावलं. तिथे तीनाच्या पाच झाल्या. आणि कोणीतरी केलेला व्हिडिओ शिरूरला आप्पा पारख्यांच्या मोबाइलवर पोचला.

आता आप्पा पारखे कोण ते सांगते. शिरूरच्या मंडळीतले वडीलधारे, पांढराशुभ्र शर्ट, भारदस्त आवाज. त्यांचा मुलगा रविराज रांजणगावला कंपनीत आहे. साहेबरावांची मोनिका इथे नर्स आहे. दोघांचं एकमेकांशी ठरलेलं होतं. अडलं होतं ते आप्पांपाशी. साधं रेल्वेचं घर, त्यात विशेष काय, असं त्यांचं म्हणणं. व्हिडिओ बघितल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. ज्याला प्रभूनं असं चिखलातून उचललं, त्याच्या घरची मुलगी म्हणजे आशीर्वाद! शिरूरला नव्या पिकाचा, हंगामाचा सण आहे, उपासनेत व्याह्यांची साक्ष ठेवू, आणि लगेच तिथेच साखरपुडा.

इतकं सगळं देवाच्या गौरवासाठी चाललं होतं, आणि एका दुपारी सखूबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना.

"बाई, नळावर बाया माझा हात हातात घेत्यात. 'किती सोसलंस गं,' म्हणत्यात. ताईबाईनं तर माझ्या कपाळावरची खूण बोटानं चाचपली. म्हणली, ही त्याचीच का? मी म्हणलं, न्हाई गं, माहेरी म्हशीनं शिंग मारलं व्हतं. तर म्हणती, 'आता कशाला झाकतीस? म्हस म्हणं!'"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"एकतीस वर्सांत ह्यांनी मला साधी शिवी दिली न्हाई. उभ्या दौंडात ही एक गोष्ट माझी व्हती, बाई. ती ह्यांनी मला न इचारता देवाला वाहिली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "प्रभुभोजनाला मी त्यांच्या शेजारी गुडघं टेकणार न्हाई. आन् शिरूरला पुन्हा तसंच बोललं, तर मी भर देवळात उठून उभी ऱ्हाईन. मग लग्नाचं काय व्हायचं ते हू दे."

ती धमकी देणारी बाई नव्हे. मी साहेबरावांना बोलावणं पाठवलं आणि आल्या आल्या झापायला सुरुवात केली. माणूस स्वतः चुकलेला असला की चांगलं झापतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "बाई, गौरव दिसाया पायजे, असं तुम्हीच म्हणला व्हता."

"मी सात मिनिटं भरा म्हटलं होतं. खोट्यानं भरा म्हटलं नव्हतं!"

"मग कशानं भरू?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"पहिलं मी उठायचो तवा आनंद असा उशाला बसलेला असायचा," ते म्हणाले. "काय केलं म्हणून न्हाई. उगं. आता उठलो की पहिलं ध्यानात आणतो, कुठल्या गावात किती बाटल्या सांगितल्यात. खरं बोलावं तर पोरीचं मोडतंय. न्हाई बोलावं तर सखू उठती."

"मोनिकाला सांगितलंत?"

"ती म्हणली, 'पप्पा, तुमचं तुम्ही ठरवा. पण मम्मीला उभं राहायची वेळ आणू नका.'"

ते गेल्यावर मी ते तालमीचं घड्याळ खणात टाकलं. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी. बातमी पोचवणाऱ्यानं ती पोचवायची असते, तिच्यात मीठमसाला घालायचा नसतो, हे शाळेतल्या पोरांना मी हजारदा सांगितलं असेल, इतिहासाच्या तासाला. आणि इथे साक्षात एक आनंदी माणूस माझ्यासमोर उभा होता, बावीस सेकंदांत सगळी बातमी सांगून मोकळा झाला होता, आणि मी त्याला घड्याळ दाखवलं. त्या माणसाचा आनंद दु:खावर उभा नव्हता, म्हणून तर तो टिकत होता. मे महिन्यातसुद्धा. पण आम्हाला देव मोठा दिसायला कोणीतरी गटारात पडलेलं लागतं. पडलेलं नसेल तर आम्ही ढकलतो.

सणाच्या रविवारी आम्ही जीप करून निघालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले. चौफुल्यावरून न्हावऱ्याला आणि तिथून शिरूर. साहेबराव ड्रायव्हरशेजारी, सखूबाई आणि मी मागे, मधे मोनिका. साखरपुड्याचं सामान मोनिकाच्या मांडीवर.

शिरूरचं देऊळ उसाच्या मोळ्यांनी, बाजरीच्या कणसांनी आणि भोपळ्यांनी भरलं होतं. वेदीच्या पायरीशी पाय बांधलेल्या चार कोंबड्या. आप्पांनी ओळख करून दिली, ती अशी, की साहेबराव अजून थोडे प्यालेले असावेत असं वाटावं. सखूबाईनं पदर खोचला. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. तिनं तो काढला.

साहेबराव उभे राहिले.

"भावांनो, मी दारू प्यालेलो न्हाई," ते म्हणाले. "कवाच न्हाई. मला वासानं मळमळतं. बायकोवर मी कवा हात उचलला न्हाई. दौंडला आन् यवतला मी जे सांगितलं, ते खोटं व्हतं."

एक कोंबडी ओरडली.

"मला वाटलं, माझ्या साध्या जिण्यात देव बारका दिसतुया, त्याला जरा मोठं करावं. देवाला कोण मोठं करणार? मलाच मोठं दिसायचं व्हतं. टाळ्या पडल्या तवा ग्वाड लागलं. सखू, मी तुझं नाव घातलं. मला माफ कर." थोडं थांबून म्हणाले, "प्रभू मला ल्हानपणापासनं ठावं हाय. तो चांगला हाय. एवढंच हाय माझ्याजवळ."

ते बसले. आमेन नाही, काही नाही. मग मला उठावं लागलं. बोलण्यापेक्षा उठायलाच जास्त वेळ लागला. "ह्यांना असं काही तरी सांगा म्हणून मी गळ घातली होती," मी म्हणाले. "मी दौंडची, शिक्षिका होते." शिक्षिका होते हे सांगायची काही गरज नव्हती. सवय.

बाहेर आप्पा पारखे लाल झाले होते. त्यांचं दु:ख मात्र मी आयुष्यात ऐकलेलं नवीनच दु:ख होतं.

"बाई, व्याही दारुडा होता हे मी सगळ्या भावकीत अभिमानानं सांगितलं. आता तो कधीच प्यायला नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"आप्पा, तुम्हाला सून हवी आहे की साक्ष?"

"खोटं बोललेत ते!"

"बोलले. आणि तुमच्या देवळात, तुमच्या मुलाच्या साखरपुड्याच्या दिवशी, कोणी न पकडता कबूल केलं. असा व्याही मिळतोय का शिरूरला, बघा."

ते विचार करून कळवतो म्हणाले. साखरपुडा झाला नाही. रविराज जीपपर्यंत आला, मोनिकाच्या हातातलं सामान घेऊन गाडीत ठेवलं, आणि बापाकडे न बघता म्हणाला, "फोन करतो." मोनिकानं मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते, नर्स आहे.

परतताना साहेबराव आपले पुढे बसायला लागले, तर सखूबाई म्हणाली, "मागं या." न्हावऱ्यापर्यंत ती गप्प. न्हावरं सोडलं आणि तिनं तोंड उघडलं. एकतीस वर्षांतलं सगळं काढलं: केडगावच्या स्टेशनात तिला विसरून गाडीत चढले ते, तिच्या भावाच्या लग्नात ड्युटी घेतली ते, तिच्या आजारपणात खिचडीत दोनदा मीठ घातलं ते. साहेबराव प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणत होते. मी कान देऊन ऐकत होते. बिनचूक, मुद्देसूद, आणि एकही अक्षर वाढवलेलं नाही.

दहा दिवसांनी आप्पांचा फोन आला. लग्न एप्रिलमध्ये करू, पण लग्नाच्या उपासनेत साक्ष कोणीही द्यायची नाही, कोणाचीही, कसलीही. साहेबराव लगेच हो म्हणाले. मीही.

त्याच्या आधीच्या रविवारी, म्हणजे आप्पांचं काय होणार हे कोणालाच माहीत नसताना, आमच्याकडे प्रभुभोजन होतं; भाकर आणि द्राक्षारस घ्यायला नवराबायको शेजारीशेजारी गुडघे टेकतात. साहेबराव पुढे जाऊन कठड्याशी एकटेच गुडघे टेकून बसले. शेजारची जागा रिकामी. बायका बघत होत्या; ताईबाई तर मान लांब करून. सखूबाई आमच्या ओळीतून उठली, हळूहळू पुढे गेली, नवऱ्याच्या मागे उभी राहिली.

"सरका की जरा," ती म्हणाली, देवळात सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

ते सरकले.