कॅराव्हॅन मीच ओढणार

गेल्या रविवारी अक्कलकोटच्या पुढे, दुधनीच्या रस्त्यावर, माझ्या गाडीमागची कॅराव्हॅन नाचली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे... आणि शेजारून सिमेंटचा अवाढव्य टँकर चाललेला. आता जरा सावरलेय, म्हणून लिहितेय.

आधी कॅराव्हॅन कशाला, ते सांगते. माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, एक्याऐंशीच्या. त्यांना दर तासाभराने बाथरूम लागतं आणि खाली बसता येत नाही, कमोडच हवा. आपल्याकडे रस्त्यावर बाईमाणसाला धड संडास मिळत नाही, कमोड कुठला मिळायला... म्हणून आई चार वर्षं सोलापूरच्या घराबाहेर पडल्या नव्हत्या.

तिकडे दुधनीला, त्यांच्या माहेरी, धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला येता येत नाही, यांना जाता येत नाही. फोन लावून दिला की दोघी दोन वाक्यं बोलायच्या आणि मग नुसत्या रडायच्या. मला ते बघवेना.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून दोन चाकांवरची छोटी खोली बनवून घेतली. आत एक बाक, एक कमोड, मागे दार. आई बसणार पुढे माझ्या शेजारी, खोली फक्त थांबल्यावर वापरायची.

यावर घरात जे झालं ते विचारू नका. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे तो मध्ये पडला नाही. पण वन्सं, म्हणजे माझी नणंद, पुण्याहून रोज फोन... ट्रकवाले उडवून जातील, हे बायकांचं काम नाही, निदान ड्रायव्हर तरी ठेव. बावीस वर्षं गाडी चालवतेय मी! सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर दोन महिने मागे खोली जोडून सराव केला, रिव्हर्ससकट.

आणि ट्रकवाल्यांशी माझं काही भांडण नाही. त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसलं नाही, तर आपणही त्याला दिसत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मी पन्नासने जाते, डावीकडून, पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर ठेवून. ते अंतर बघून मात्र प्रत्येक कारवाल्याला वाटतं, जागा खास आपल्यासाठी राखून ठेवलीय... घुसा! वाजवा हॉर्न, मी काच वर केलीय.

चूक झाली ती निघताना. माहेरी मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून आईंनी ज्वारीचं पोतं काढलं, सहा चादरी, शेंगाचटणीचा मोठा डबा. दार मागे, म्हणून सगळं दाराशीच ठेवलं. पाण्याचे दोन भरलेले कॅनही तिथेच.

अक्कलकोटपर्यंत रस्ता रुंद, काही जाणवलं नाही. पुढे अरुंद रस्त्यावर तो टँकर बाजूने गेला, त्याच्या हवेने आधी ढकललं, मग ओढलं... आणि खोली नाचायला लागली. फॅब्रिकेटरने बजावलं होतं, शेपूट हललं की ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. तेवढंच केलं.

टँकरवाल्याने आरशात पाहिलं असणार. कट न मारता तो उजवीकडूनच लांब गेला आणि मगच डावीकडे आला. त्या माणसाचे मनापासून आभार.

पुढच्या पेट्रोल पंपाच्या मोकळ्या आवारात गाडी थांबवली आणि मला रडूच आलं. वन्सं बरोबर होत्या असं क्षणभर वाटलं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. मी विचारलं, "आई, परत फिरूया का?"

आई अगदी शांत. "कशाला? गाडी उलाळ झालीया. मागं लई भार हाय. पोतं फुडं घे की."

बैलगाडीत मागे जास्त ओझं भरलं की मागची बाजू खाली बसते आणि पुढचं जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात. आईंचं लहानपण शेतावरून बैलगाडीत बसून दुधनीच्या बाजाराला जाण्यात गेलेलं. उतरून पाहिलं... खरंच, हुकाकडची बाजू वर, दाराकडची खाली. भार चाकांच्या जरा पुढे ठेवा, असं फॅब्रिकेटरनेही सांगितलं होतं, मीच विसरले.

मी चिडून म्हटलं, "मग सकाळी का नाही बोललात?"

"तवा कुटं इचारलंस?"

पोतं ओढत पुढे नेलं, कॅन नेले, दोरीने घट्ट बांधलं. आईंनी दार लावून निवांत बाथरूम वापरलं. त्यानंतर तीन ट्रक बाजूने गेले... खोली जराशी हलली आणि गप्प झाली.

दुधनीला मावशींच्या खाटेजवळ आईंना बसवलं. दोघींची माहेरची भाषा कन्नड. मावशी एवढंच म्हणाल्या, "बंद्या अक्का?" आलीस का ताई... आई त्यांच्या गालावरून हात फिरवत राहिल्या. मी बाहेर येऊन पुन्हा रडले, पण हे रडणं वेगळं होतं.

तेवढ्यात वन्संचा फोन. परतीसाठी ड्रायव्हर पाठवते म्हणाल्या. मी आत जाऊन आईंना तसं सांगितलं. आईंनी हात पुढे करून फोन मागून घेतला.

"डायवर हाय की आमच्याकडं," म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

तर मंडळी, पुढच्या महिन्यात पुन्हा निघतोय. पन्नासनेच, डावीकडूनच, पोतं पुढे ठेवून. मागे अडकलात तर हॉर्नवरचा हात जरा काढा... पुढच्या सीटवर एक्याऐंशी वर्षांची लेक माहेरी चाललीय.