सपाट बांधलेले हात

सरांना नमस्कार करायचा तो लांबूनच, हे भंडाऱ्यात हळूहळू सगळ्यांना कळलं होतं. हात पुढे केलात की सापडलात. तुमचा पंजा ते दोन्ही हातांत घ्यायचे, बोटांच्या मुळाशी अंगठ्याने दाबून बघायचे, एकेक बोट वाकवायचे आणि म्हणायचे, "करा मूठ." एका लग्नात त्यांनी स्टेजवर नवरदेवालाच मूठ करायला लावली. मागे आहेर घेऊन उभे असलेले लोक वैतागले आणि फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला.

मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं. एका संस्थेच्या छोट्या दवाखान्यात आमची खोली होती. मोडलेले, कापलेले, मळणीयंत्रात सापडलेले हात ऑपरेशन झालं की आमच्याकडे यायचे. त्या हाताला पुन्हा घास उचलता यावा, विळा धरता यावा, गुंडी लावता यावी, इथपर्यंत त्याला आणायचं हे आमचं काम. सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आणि महातापट. व्यायाम न करणाऱ्या पेशंटची ते अशी खरडपट्टी काढायचे, की बाहेर बाकावर बसलेले चार जण आपोआप बोटं हलवायला लागायचे.

आमच्या पेशात नोंदणी टिकवायची तर अधूनमधून प्रशिक्षणाला जावं लागतं. त्याचे पॉइंट मिळतात. तुम्हीही असली प्रशिक्षणं पाहिली असतील. निम्मे लोक सही करतात, जेवणात काय आहे ते बघतात आणि दुपारी शेवटच्या रांगेत डुलक्या काढतात. मीही काढल्या आहेत, उगाच खोटं कशाला बोलू? सर मात्र पहिल्या रांगेत बसायचे, दोनशे पानी वही घेऊन, आणि शंका विचारून विचारून चहाची वेळ टाळायचे. मागून लोक दात-ओठ खायचे.

नागपूरच्या त्या प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी शिकवायला आलेल्या बाई सरांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सांगितलं, सुजलेला हात कधीही सपाट पट्टीवर बांधून ठेवायचा नाही. बोटं मुळाशी वाकलेली हवीत. सरळ राहिली तर तिथले सांधे तसेच आखडतात आणि मग मूठ होत नाही. सर उभे राहिले. त्यांनी एकच विचारलं, की सपाट बांधलेल्या माणसाने नंतर जीव तोडून व्यायाम केला तर? बाई अदबीने म्हणाल्या, की पुष्कळदा उपयोग होत नाही, सर. पूर्वी बरेच जण तसंच बांधायचे.

सर खाली बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? हे मी कॉलेजात शिकले होते. पण नोकरीला लागले तेव्हा सर सपाट बांधत होते, म्हणून मीही तसंच बांधू लागले. इतक्या मोठ्या माणसाला कोण सांगणार? परतीच्या बसमध्ये मी त्यांना हे कबूल केलं. वाटलं, आता माझी खैर नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मीच सारवासारव केली, की सर, तेव्हा सगळेच तसं करायचे.

"सगळेच करत असन," ते म्हणाले. "पर हे हात तं मी बांधले ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातले जुने केसपेपर उपसले. सपाट बांधलेले हात वेगळे काढले आणि दर रविवारी एकेक गाव धरलं. व्यवस्थापक घाबरले. आपल्याच तोंडाने लोकांच्या दारात जाऊन चूक सांगायची, उद्या कोणी केस टाकली तर? सर म्हणाले, टाकू द्या. अपराधी मीही होते, म्हणून मीही जात होते. सानगडीच्या एका बाईंचा हात उत्तम निघाला. त्यांनी सरांपुढे मूठ करून दाखवली आणि वर पोहे खाऊ घातले. कोंढ्याच्या व्यापाऱ्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर सरांना वाट्टेल ते सुनावलं. सर मान खाली घालून ऐकत होते. ज्या माणसाच्या आवाजाने आमचा बाक हलायचा, तो हा माणूस.

करडी गावचा केसपेपर मात्र त्यांनी चार रविवार मागे ठेवला होता. एका ढिवराचा, म्हणजे मासे धरणाऱ्याचा. तलावाचं पाणी सोडायच्या लोखंडी दारात त्याचा उजवा हात चेंगरला होता. पेपरवर सरांच्याच अक्षरात लाल शाईने लिहिलं होतं : व्यायामात टाळाटाळ करतो. पत्नीस समज दिली.

आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात बसला होता. जाळं त्याची बायको विणत होती. त्याने सरांना ओळखलं आणि हात धोतराआड घेतला. सरांनी तो मागितला आणि आपल्या हातात घेतला. पण या वेळी मूठ करायला सांगितली नाही, कारण चारही बोटं मुळाशी ताठ होती. सात वर्षांत त्याने जाळं फेकलं नव्हतं.

तेवढ्यात बायकोचं सुरू झालं. तुम्ही सांगितलं होतं साहेब, रोज करवून घे म्हणून. मी रोज मागं लागली. पर हा आळशी माणूस, यानं धड केलंच नाही, नाहीतर आज घर असं राहिलं असतं का? हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती, हे तिच्या सुरावरून कळत होतं. तो जमिनीकडे बघत होता. त्यालाही आता ते खरंच वाटत असावं.

सर आमच्यासाठी टाकलेल्या खाटेवरून उठून त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"याइनं व्यायाम केला होता, बाई," ते म्हणाले. "रोज केला असता, दिवसभर केला असता, तरी मूठ झाली नसती. पट्टी मी चुकीची बांधली होती. आणि वरून यायलेच बोललो. आळशी हे नव्हते. चूक माही होती."

बाईच्या हातातली सुई थांबली. त्याने बायकोकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "आयकलं ना तू?"

तिने मान हलवली. मग तोंडाला पदर लावून ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला तिथे बसवेना. मी खोटं कशाला सांगू, मी रडले.

सरांनी त्याला खोटी आशा दाखवली नाही. पूर्वीसारखा हात होणार नाही, पण नागपूरच्या सर्जनला दाखवू, वाकला तर थोडा वाकेल, असं सांगितलं. तो दर सोमवारी येऊ लागला. बोटं थोडी वाकली. जाळं फेकण्याइतकी नाही, पण विणण्याची सुई धरण्याइतकी.

पुढे सर दर शनिवारी जिल्ह्यातल्या आम्हा थेरपिस्टांचा वर्ग घेऊ लागले. त्याचे पॉइंट नव्हते, जेवणही नव्हतं. आमचेच हात चुकीचे बांधून ते आम्हाला घरी पाठवायचे. एकदा बांधलेल्या हाताने मला जमेना, म्हणून माझ्या लेकीची वेणी तिच्या बापाने घातली आणि ती शाळेत जायलाच तयार होईना. मागच्या वर्षी सर गेले. वर्ग आता मी घेते, आणि करडीची ही गोष्ट दर वेळी सांगते. एक भाग मात्र सांगायचा राहतो.

त्या दिवशी आम्ही करडीच्या बसथांब्यावर उभे होतो. त्या ढिवराची बायको मागून धावत आली. डोळे सुजलेले. तिने पळसाच्या पानात बांधलेले मासे सरांच्या हातात दिले आणि तशीच वळली. सर जन्माचे शाकाहारी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. मी म्हटलं, द्या सर, मी नेते. त्यांनी दिले नाहीत. बसमध्ये माशांच्या पाण्याने पँट ओली झाली, शेजारचा माणूस नाक दाबून उठून गेला, तरी भंडाऱ्यापर्यंत ती पुडी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली. घरी नेऊन त्या माशांचं काय केलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आता विचारायला सर नाहीत.