आईच्या टायपिंगसाठी थांबवलेलं

रविवारी आदेशने अर्धी भाकरी ताटात तशीच टाकली, ते त्याच्या आईच्या, योगिनीच्या मनातून जात नव्हतं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असताना असं सव्वीस वर्षांत कधी घडलं नव्हतं.

वाशिंदच्या एका कारखान्यातले चाळीस संगणक तो सांभाळतो. ते रोज आपोआप अपडेट होतात असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात तेरा प्रोग्रॅम दीड वर्षं जुनेच राहिले होते.

"मशीन ओरडत पण नाय गो आई. फक्त लिहिते, तेरा मागे ठेवले. अडला असणार एकच कुठला तरी. सर्व्हर बघितला, नेट बघितलं. शनिवारपर्यंत सापडलं नाय तर ठेकेदार दुसरा माणूस आणतोय."

"एक अडलं तर बाकीचे कशाला थांबतात?"

"एकाला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. तुझ्या माहेरासारखं. एक मामा रुसला की वऱ्हाड हलत नाय."

ती हसली, तो हसला नाही.

लहानपणी तो भाताच्या आवणीच्या दिवसांत आज्याच्या मागे बांधावरून फिरायचा. खालच्या खाचरात पाणी आलं नाही की चांगोआजा म्हणायचा, "खाली काय बघतंस? वर चाल." एका वर्षी दोघांनी दिवसभर चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची बिळं हुडकली, बांध तिथेच फुटला असणार म्हणून. संध्याकाळी वरच्या खाचरापाशी मातीची मोठी ढेप सापडली. वरच्या रोपाला पाणी राहावं म्हणून आज्यानेच ती लावली होती, आणि विसरला होता. आदेशने ही गोष्ट आठ दिवस अख्ख्या पाड्याला सांगितली.

आज दुपारी घरचा संगणक पुसताना योगिनीने मॉनिटर फिरवला. मागे पिवळी पडलेली चिठ्ठी होती, आदेशच्या अक्षरात: 'आईचं टायपिंग. थांबवलंय. नंतर सोडायचं.'

तिला सगळं आठवलं. महिला मंडळाचं इतिवृत्त ती मुरबाडला शिकलेल्या जुन्या कळपाटावर, म्हणजे कीबोर्डच्या जुन्या अक्षरमांडणीवर टाइप करायची. एका अपडेटनंतर जोडाक्षरं तुटू लागली, तेव्हा आदेशने कळपाटाचा जुना प्रोग्रॅम परत बसवून तो बदलायचाच नाही अशी नोंद करून ठेवली. पुढच्याच महिन्यात त्याला कारखान्याचं काम मिळालं. तिथे संगणकांची खोली तयार नव्हती, म्हणून पहिली डिस्क त्याने याच टेबलावर, याच संगणकाची नक्कल करून उतरवली. तिने तीनदा चहा दिला होता. मग त्या डिस्कच्या चाळीस नकला झाल्या.

म्हणजे तिचा कळपाट चाळीसही ठिकाणी गेला होता, थांबवलेल्या नोंदीसकट. रुसलेला मामा तोच.

ते थांबवलेलं सोडलं तर तिची जोडाक्षरं पुन्हा तुटतील. तुटू देत, नवा कळपाट शिकता येईल. पण शिफ्टमध्ये फोन करायचा नाही, असं त्याने बजावलं होतं, आणि दीड वर्षात तिने ते एकदाही मोडलं नव्हतं. शिफ्ट आठला सुटणार, मग मशीन त्याच्या हाताशी नसणार, आणि उद्या शनिवार.

तिने चिठ्ठी सोडवून हातात घेतली, चष्मा लावला आणि त्याचा नंबर काढला.