कपाटातली ओली चादर

मी खोटं बोललो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणाला वाटू नये की मी स्वतःला वाचवण्यासाठी भुताखेताची गोष्ट रचतोय. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. आयुष्य दवाखान्यात गेलं, अंगात आलेल्या बायांना ग्लुकोजचं पाणी पाजून शांत केलेलं आहे. पण पंचावन्न सालच्या श्रावणात लोणावळ्याला जे घडलं त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही... आणि ते ज्याच्या बाबतीत घडलं त्याच्याशी मी बावीस वर्षं प्रामाणिकपणे बोललो नव्हतो.

मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा. घरी भातशेती, थोरला भाऊ शेती बघायचा. मॅट्रिक झाल्यावर मी लोणावळ्याच्या बाजारपेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागलो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवणं, ही कामं. माझ्याबरोबर दुसरा मदतनीस होता भिवा. तो वरच्या डोंगरातल्या वाडीवरचा. त्या वाडीतून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. तो आणि त्याची आई, दोघंच घरात. पावसाळ्यात नाचणीची लावणी असली की तो महिना-पंधरा दिवस वर जायचा.

वाडीवर पोस्टमन जात नसे. कुणाला निरोप द्यायचा तर वर जाणाऱ्या माणसाबरोबर सांगावा धाडायचा, आणि तो पोचेलच याची खात्री नसायची. म्हणून डॉक्टरांनी एक युक्ती काढली होती. दवाखान्यामागचं आवार उंचावर, डोंगराच्या तोंडावर. तिथे दोन कळक, म्हणजे उंच जाड बांबू, पुरलेले होते. भिवाला बोलवायचं असलं की त्या कळकांमध्ये एक पांढरी चादर ताणून बांधायची. वाडीच्या टोकाच्या खडकावरून ती दिसे. भिवाची आई गंगूमावशी सकाळी गुरं सोडताना खाली बघायची. चादर दिसली की भिवा उतरायचा. कधी वाडीवरच्या आजाऱ्याला दवाखान्यात घ्यायची तयारी झाली, की तीच चादर "आणा" म्हणून टांगायची. एकदा वाऱ्याने तिचा कोपरा फाटला तेव्हा गंगूमावशीनेच आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावून दिलं होतं.

ही चादर कपाटात वेगळी ठेवलेली असे. कपाटाची किल्ली माझ्याकडे, कमरेच्या करगोट्याला बांधलेली.

त्या वर्षी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरच्या कामाचं प्रशिक्षण सुरू होणार होतं. वर्षभर शिकायचं, मग सरकारी नोकरी. डॉक्टरांनी आम्हा दोघांचे अर्ज पाठवले. मी आदल्या वर्षीही अर्ज केला होता आणि मुलाखतीत नापास झालो होतो. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हतो. म्हणजे ही शेवटचीच संधी. तशात कुणीतरी बाजारात बोललं की मावळातून एकच उमेदवार घेणार. खरं-खोटं कुणाला माहीत, पण ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. घरी थोरला भाऊ जेवताना म्हणाला, "वाडीवरचं पोरगं कंपाउंडर झालं की तू त्याच्याकडनं बाटली भरून घे. रांगेत उभा राहा म्हंजे झालं." सगळे हसले. मीही हसलो. मग ताटावरून उठलो.

सोमवारी पुण्याहून निरोप आला, मुलाखत गुरुवारी. भिवा वर लावणीला गेलेला. डॉक्टर मला म्हणाले, "चादर टाक. बुधवारपर्यंत तो खाली यायला हवा," आणि खंडाळ्याला एका रोग्याकडे निघून गेले.

मी कपाट उघडलं. चादर हातात घेतली. पुन्हा ठेवून दिली.

बाहेर धुकं असं दाटलं होतं की आवारातला आंबा दिसेना. मी मनाशी म्हणालो, टांगली तरी कुणाला दिसणार आहे? उगाच भिजेल. माणूस पाप करताना किती समंजस होतो ते मला त्या दिवशी कळलं. चादर चांगली चौपदरी घडी करून मी इतर चादरींच्या थप्पीखाली, अगदी तळाला सारली, कुलूप लावलं.

मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, "टाकली का चादर?"

"टाकली होती, डॉक्टर. भिजून चिंब झाली म्हणून संध्याकाळी काढली. पण धुकं फार आहे, त्याला दिसली नसणार."

"मग तू वर जाऊन ये."

"ओढ्याला पाणी आहे डॉक्टर. उतार नाही म्हणतात."

ओढ्याला पाणी होतं, पण कमरेएवढं. भिवा त्याहून जास्त पाण्यातून कामावर यायचा. डॉक्टर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघू. नशीब त्याचं." मला रात्री झोप लागली नाही, आणि बुधवारचा सगळा दिवस दवाखान्याच्या दाराशी पाऊल वाजलं की मी वळून बघायचो. संध्याकाळ झाली. भिवा आला नाही. मला हायसं वाटलं... आणि हायसं वाटलं याचीच भीती वाटली.

गुरुवारी सकाळी मी पॅसेंजरसाठी फलाटावर उभा होतो. धुक्यातून एक इरलं चालत आलं. पानांनी शाकारलेलं ते ढालीएवढं इरलं डोक्यावर घेऊन कुणी शेतकरी फलाटावर येतोय म्हणून हमाल हसत होते. इरलं खाली झालं तर भिवा. गुडघ्यापर्यंत चिखल, पण अंगात डॉक्टरांचा इस्तरीचा सदरा, बाह्या बोटांवर लोंबणाऱ्या.

"दत्तू, लय पळालो बघ," तो म्हणाला. "दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हनले, पळ, गाडी गाठ. त्यांचाच सदरा दिला. बरा दिसतो का? का बुजगावनं?"

मी विचारलं, तुला कळलं कसं?

"आता कसं म्हंजे? चादर टाकलीस ना तू. काल सांजच्याला आईनं पाह्यली. म्हनली, पोरा, खाली बोलावलंय, उजाडायच्या आत नीघ."

बुधवारी संध्याकाळी. मी मंगळवारी डॉक्टरांना सांगितलं होतं की चादर काढून ठेवली. आणि मुळात ती टांगलीच नव्हती.

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. मळवली गेलं तरी मी खिडकीबाहेरच बघत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, वर धुकं नव्हतं का रे?

"धुकं? आरं, ढगातच बसलोय आमी आठ दिस. गोठ्यातली गाय दिसंना. म्या खडकावर जाऊन पाह्यलं तर मला काय बी न्हाई दिसलं. आईला म्हनलं, तुला भास झाला. तर मलाच शिव्या दिल्या. म्हनली, भास व्हायला मी काय तुझ्यावानी रातभर पुस्तकं वाचते?" तो हसला. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "तू व्हतास म्हनून झालं, दत्तू. दुसरा असता तर म्हनला असता, मरू दे त्याला."

मला थंडी वाजत होती. देहूरोड येईपर्यंत करगोट्याची किल्ली मी धोतराच्या वरून चाचपून बघत होतो. जागेवर होती.

मुलाखतीत मला मनगटावर पट्टी बांधायला सांगितली. वर्षानुवर्षं बांधलेली पट्टी, पण पहिलाच वेढा सुटला. समोरचे डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पुन्हा बांधा. दुसऱ्यांदा बांधली. भिवा बाहेर आला तेव्हा त्याने सांगितलं की सदऱ्याच्या बाह्या सारख्या पुढे यायच्या म्हणून त्याने सदरा काढूनच पट्टी बांधली, आणि सगळे हसले. संध्याकाळी निकाल तिथेच सांगितला. मावळातून दोघं घेतले. तो आणि मी. एकच घेणार ही नुसती बाजारातली अफवा होती.

भिवाने मला मिठी मारली. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं.

परत आल्यावर मी दवाखान्यात गेलो, कपाटाचं कुलूप काढलं. वरच्या चादरी कोरड्या. थप्पी बाजूला केली. तळाला ती चादर मी ठेवली तशीच, चौपदरी घडी केलेली. हात लावला तर ओली. नुसती दमट नव्हे, पिळली तर पाणी निघेल अशी. घडीच्या आतले पदरही ओले. खालची फळी कोरडी. उलगडून पाहिली तर चारही कोपऱ्यांना कळकाला बांधल्याच्या चुण्या होत्या, ओल्या कापडात घट्ट बसलेल्या. आणि तिला दवाखान्याचा वास नव्हता. पावसात राहिलेल्या कपड्याचा वास होता.

मी कपाटात गळती शोधली. कौलं बघितली. दुसऱ्या दिवशी आडून डॉक्टरांना विचारलं, कपाटाला दुसरी किल्ली आहे का. ते म्हणाले, "हरवून चार वर्षं झाली. का रे?" मी म्हणालो, सहज. डॉक्टर बुधवारी दिवसभर रोगी तपासत माझ्या डोळ्यांसमोर होते. तिसरं माणूस दवाखान्यात नव्हतं. आणि समजा कुणी टांगलीच असेल, तरी त्या धुक्यात ती मैल-दीड मैलावरून दिसणार कशी? एका गोष्टीचं उत्तर काढावं तर दुसरी उभी राहते.

पुण्यात वर्षभर आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे तो एका सरकारी दवाखान्यात लागला, मी दुसऱ्या. चादरीची गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा. नव्या सोबत्यांना, साहेबांना, स्वतःच्या लग्नात सासऱ्याला. "ह्यो दत्तू. ह्यानं मला बोलावलं." दर दिवाळीला गंगूमावशी डोंगर उतरून औंढ्याला माझ्या घरी यायची, पदरात वरई बांधून. ओट्यावरच बसायची. माझ्या बायकोला म्हणायची, "तुझ्या नवऱ्यानं माझ्या लेकाला मानूस केलं." बायको कौतुकाने माझ्याकडे बघायची. त्या वरईचा भात मी ताटात तसाच ठेवायचो. सांगावं असं दरवर्षी ठरवायचो. पण एकदा फुकटचे आभार घेतले की ते परत करायला फार मोठं काळीज लागतं... माझं तेवढं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात भिवाचा निरोप आला, आई थकली आहे, तुझं नाव काढते. मी गेलो. ओढा ओलांडला. कमरेएवढंच पाणी होतं.

गंगूमावशी खाटेवर, अगदी मुठीएवढी झालेली. भिवा तिला चमच्याने पेज भरवत होता. मला बघून म्हणाली, "पोट लय सुटलंय तुझं. सरकार खायाला घालतंय वाटतं." मी तिच्या उशाशी बसलो. आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. मावशी, त्या दिवशी धुक्यात तुम्हाला चादर दिसली कशी?

"मला काय म्हाईत? गुरं बांधाया गेलते. ढगात समदं पांढरंच. त्येच्यात माझं ठिगळ दिसलं. हिरवं. हितं, हाताच्या अंतरावर असल्यावानी. म्हनलं, ही तर आपली चादर."

त्या खडकावरून उन्हातसुद्धा ती चादर ठिपक्याएवढी दिसते. ठिगळ दिसणं शक्य नाही.

आणि आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही हे कळलं.

"भिवा," मी म्हणालो, "मी चादर टांगली नव्हती."

त्याचा चमचा हवेतच राहिला.

"कपाटात कुलपात घातली होती. डॉक्टरांना खोटं सांगितलं. एकच जण घेणार असं ऐकलं होतं, तू येऊ नयेस म्हणून केलं. ओढ्याला उतार नाही हेही खोटं होतं."

बाहेर कोंबड्या खुडबुडत होत्या. भिवाने वाटी खाली ठेवली, आईचं तोंड तिच्याच पदराने पुसलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग टांगली कुनी?"

"ठाऊक नाही. देवाशप्पथ ठाऊक नाही. मी नव्हती टांगली, एवढंच ठाऊक आहे."

मी उठलो आणि गंगूमावशीच्या पायांवर डोकं ठेवलं. दर दिवाळीला ती माझ्या ओट्यावर बसायची, तेव्हा एकदाही ठेवलं नव्हतं. मग भिवापुढे हात जोडले.

"तुझी संधी मी बुडवायला निघालो होतो. वर बावीस वर्षं तुझे आभार घेतले. चुकलो, भिवा. मला माफ कर."