टाळ वाजवायला आलेला पाहुणा

डोमाजी गेले, ही बातमी शेजारच्या मुर्री गावाहून दूध घालायला येणाऱ्या माणसाने दारातच सांगितली, तेव्हा खरं सांगतो, मला आधी राग आला. रडू नंतर आलं. सगळं पोटात घेऊन गेला हा माणूस, आणि मला रिकाम्या हाताने मागे ठेवलं…

गोंदियाच्या स्टेशनामागे आमची कौलारू भजनशाळा. डोमाजी तिची झाडलोट करायचे, पखवाज सांभाळायचे. मोठ्या लाइनीवरून उतरून छोट्या लाइनीची गाडी धरायची तर इथे तासन् तास ताटकळावं लागतं. असे ताटकळलेले प्रवासी गुरुवारी संध्याकाळी भजन ऐकून आत यायचे. डोमाजींचा नियम असा, की नुसतं ऐकत कुणी बसायचं नाही, जे वाद्य रिकामं असेल ते हातात घ्यायचं. आणि आलेल्याला पाणी विचारायचं, नाव विचारायचं नाही. या नियमापायी एका नामांकित नटाने आमच्या पखवाजाच्या पुडीला लावायची कणीक मुकाट्याने मळून दिली. तो कोण, हे आम्हाला कळलं सहा महिन्यांनी, त्याच्या नाटकाची जाहिरात भिंतीवर लागली तेव्हा.

पण माझ्या जिव्हारी लागला तो दुसराच गुरुवार. धुळकट कोटातला एक किडकिडीत गृहस्थ आला. डोमाजींनी त्याच्या हातात टाळ दिले. दोन तास तो वाजवत बसला, आणि मी शहाण्याने दोनदा त्याला म्हटलं, "अहो, जरा लय सांभाळा." गाडीची वेळ झाली तसा नमस्कार करून तो गेला. महिन्याभराने नागपूरला मेहुण्यांकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या यादीत त्याचा फोटो पाहिला. ज्याच्या एका गाण्यासाठी लोक दहा गावं ओलांडून जातात, त्याला मी लय शिकवली होती!

परत आलो तो तडक डोमाजींकडे.

"तुमी ओळखलं होतं त्याले?"

"हो. 'पानी द्या' म्हनला, तवाच."

"मंग काऊन नाही सांगितलं? एक गानं तरी म्हनवून घेतलं असतं."

"मास्तर, गानं म्हनाले तं त्याले सारेच बोलावतेत. इथं थो टाळ वाजवाले आल्ता."



भजनशाळेची जागा जुन्या मालगुजारांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची. पुढे ते वारले आणि त्यांच्या मुलाला धान ठेवायला आमची भजनशाळा दिसली. मी विनवण्या केल्या, तर म्हणाला, "किसी एक बड़े आदमी का नाम बता दो मास्टरजी, जो यहाँ आया हो। छोड़ दूँगा।" माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसला नसता, पण डोमाजी खोटं बोलत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यांच्या एका शब्दावर काम भागलं असतं. मी धावत गेलो. डोमाजी तापाने खाटेवर पडले होते.

"नाव पुसलं नाही म्हनून आले थे लोक," भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले. "आता मी कायले सांगू?"

"भजनशाळा जाऊन राहिली, डोमाजी."

"जाऊ द्या."

त्यांच्या सुनेने पुढे केलेलं पाणी न पिताच मी उठलो. तीच आमची शेवटची भेट. आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

तेरावं झालं आणि मी जाऊन त्या गायकाचं नाव सांगून टाकलं. मालगुजाराचा मुलगा हसायला लागला. "गाया नहीं? झाँझ बजाके चला गया? मास्टरजी, कहानी तो ढंग की बनाइए।" म्हणजे डोमाजींचा नियमही मोडला आणि भजनशाळाही गेली. तेल गेलं, तूप गेलं… हातात उरले ते टाळ.

परवा गुरुवारी सवयीने ते पिशवीत घालून तिकडे गेलो. दाराला कुलूप, आत धानाची पोती. ओट्याशी बॅग घेऊन एक अनोळखी प्रवासी उभा होता. "इथे भजन असतं ना?" त्याने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. बंद दाराकडे एकदा बघून तो स्टेशनाकडे वळला. नाव मी विचारलं नाही. टाळ पिशवीत होते, पण त्याच्या हातात देऊन त्याला बसवणार कुठे?